आधी नळी धुवायची

सुलो रांतालाच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची होती. बंदुकीच्या नळीत मागच्या बाजूने सफाईचा गज घालणारी आणि तोंडाकडून घालणारी. दुसऱ्या प्रकारच्या माणसाशी तो बोलायचा, चर्चच्या तळघरात त्याच्या शेजारी बसून कॉफीसुद्धा प्यायचा, पण आपल्या लेथवरचं काम त्याला कधी करून द्यायचा नाही. तोंडाकडून गज घातला की नळीचा ओठ घासतो, ओठाचा गोल बिघडला की गोळी भरकटते. एवढी साधी गोष्ट ज्याला सत्तर हिवाळे काढून कळली नाही त्याच्यापुढे डोकं कशाला फोडायचं, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडे असे तोंडाकडून घालणारेच जास्त. हरणांच्या मोसमाआधी बंदूक कपाटातून काढायची, गजाला जुन्या बनियनचा तुकडा गुंडाळून चार वेळा आतबाहेर करायचा, की झाली सफाई. सुलोला ते बघवायचं नाही.

त्याचा बाप फिनलंडहून येऊन इथल्या तांब्याच्या खाणीत लागला होता. खाणी बंद पडल्या तेव्हा सुलो नुकताच सैन्यातून परतला होता. दोन वर्षं त्याने शस्त्रागारात काढली होती. लढाई पाहिली नाही, पण लढाईहून आलेल्या बंदुका मात्र पाहिल्या. पुढे कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर लागला तो पेन्शन मिळेपर्यंत. हाताला अतोनात नेमकेपणा होता. केसाच्या दहाव्या भागाएवढा फरक त्याच्या अंगठ्याला लागायचा. घरामागच्या गॅरेजात त्याने स्वतःचं लेथ बसवलं, आणि तिथे तो गज नळीला घासू नये म्हणून मागे बसवायच्या पितळी नळकांड्या बनवायचा, जुन्या दुर्बिणींच्या स्क्रूंसाठी स्क्रू-ड्रायव्हर घासून द्यायचा. स्क्रूची खाच जेवढी, तेवढंच रुंद आणि तेवढंच जाड पातं. ऐंशी वर्षांपूर्वीच्या स्क्रूचं डोकं कुणी बाजारच्या स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलेलं दिसलं, तर घरात कुणी आजारी पडावं तसा त्याचा चेहरा व्हायचा.

त्याच्याकडे पाच बंदुका होत्या. पाचही सैन्यातल्या निशाणबाजांच्या, आणि पाचही आपापल्या मूळच्या दुर्बिणींसकट. या नादातल्या लोकांना त्याचं काय अप्रूप असतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. लढाई संपली की दुर्बिणी एका खोक्यात आणि बंदुका दुसऱ्या खोक्यात जायच्या, आणि त्यांची ताटातूट व्हायची. ज्या दुर्बिणीचा नंबर तिच्याच बंदुकीच्या नळीवर ठोकलेला आहे, अशी जोडी न फुटता हाताला लागणं फार दुर्मीळ. सुलोच्या पाचातली सर्वात लाडकी होती ती रशियन. रशियाशी झालेल्या हिवाळी लढाईनंतरच्या दुसऱ्या लढाईत फिनलंडच्या लोकांनी ती हिसकावून घेतली होती आणि तिच्यावर आपल्या सैन्याचा चौकोनी शिक्का मारला होता. सुलोचा एक काका त्याच लढाईत तिकडे मेला. ही बंदूक त्याने पाहिलीही नसेल, पण सुलोने मनाशी नातं जोडून टाकलं होतं.

ती आली तेव्हा ग्रीसने लडबडलेली होती. चाळीस वर्षं गोदामात राहिलेलं ते घट्ट, तपकिरी ग्रीस लाकडात मुरलं होतं. सुलोने दस्ता वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सौना, म्हणजे फिन लोकांची वाफेची न्हाणी, तापवून तिथल्या वरच्या बाकावर ठेवला. लाकडाला घाम फुटला, ग्रीस टपटपलं, कागद बदलले, पुन्हा ठेवला. असं तीन शनिवार चाललं. त्याची बायको आर्लीन चौथ्या शनिवारी टॉवेल गुंडाळून दारात उभी राहिली.

"आज मी जाऊ का आत, की तिचीच आंघोळ व्हायचीय अजून?"

"वास येईल थोडा."

"माझ्या आईने सांगितलं होतं, फिन माणसाशी लग्न करू नकोस, बोलत नाही म्हणून. हे नाही सांगितलं कुणी."

आर्लीन इटालियन खाणकामगाराची मुलगी. जिभेने तिखट, पण मनाने फार मोठी. सुलोच्या या नादाला तिने कधी नाक मुरडलं नाही. त्यातलं तिला लागेल तेवढं ती शिकली. आणि शिकली ती एकच गोष्ट, पण ती पक्की.

ती गोष्ट अशी. सुलो त्या रशियन बंदुकीतून जुनीच काडतुसं झाडायचा. हिरव्या पत्र्याच्या सीलबंद डब्यांतली, तिकडच्या सैन्याची. त्याचा चांदमारीवरचा जोडीदार, नॉर्म सेपला, त्याला वर्षानुवर्षं सांगत आला होता की अरे, नवी, स्वच्छ काडतुसं मिळतात, ती वापर आणि सुटका करून घे. सुलो ऐकायचा नाही. दुर्बिणीच्या चकतीवर अंतराचे जे आकडे कोरलेत ते त्याच गोळीसाठी, दुसरी घातली की आकडे खोटे पडतात, आणि खोट्या आकड्यांची दुर्बीण ठेवायची कशाला? पण त्या जुन्या काडतुसांच्या बुडातल्या दारूत क्षार असतो. गोळी झाडली की तो नळीभर पसरतो आणि हवेतलं पाणी ओढायला लागतो. आमच्याकडे तर गावालगतच्या मोठ्या सरोवरावरून बाराही महिने ओल येते. सकाळी झाडलेली बंदूक तशीच ठेवली तर संध्याकाळी आत तांबूस धूळ दिसते, आणि आठवड्यात खड्डे पडतात. नुसतं तेल लावून क्षार जात नाही. त्याला उकळतं पाणी लागतं. नरसाळ्याने मागून ओतायचं, भरपूर, मग नळी गरम असतानाच चिंध्या, मग ब्रश, मग पुन्हा चिंध्या, मग नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट सुटा करून त्याचं तोंड, स्प्रिंग, सुई, मग तेल. सुलोला बरोबर चाळीस मिनिटं लागायची. दुसऱ्या दिवशी एकदा आणि तिसऱ्या दिवशी एकदा पुन्हा तेल.

शनिवारी चांदमारीवरून सुलोचा ट्रक रस्त्यावरून खडीवर वळला की आर्लीन किटली ठेवायची. तो बूट काढून, बंदूक टेबलावर ठेवून बोल्ट काढेपर्यंत पाणी उकळलेलं असायचं. तेहतीस वर्षं हे असंच चाललं. एकमेकांशी गोड बोलायची त्या घरात रीत नव्हती, पण ही होती.

मग आर्लीनचं हृदय थकलं. पायांना सूज, छातीत पाणी, उशा रचून बसल्याबसल्या झोपणं. दोन वर्षं सुलोने घरी केलं, आणि केलं म्हणजे त्याच्या पद्धतीने केलं, गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहून, एक मिनिट इकडचं तिकडे न होऊ देता. शेवटी त्याला ती उचलवेना. कालव्यापलीकडच्या शुश्रूषागृहात तिला ठेवली. ज्या दिवशी ठेवली त्या दिवशी ती काही रडली नाही. फक्त म्हणाली, "माझी आई गेली तेव्हा बाबा शिफ्टवर होते. ती हॉस्पिटलच्या बोळात एकटी गेली, स्ट्रेचरवर. मला माहीत आहे तू रोज येशील. रोजचं मी म्हणतच नाहीये. त्या वेळी ये."

"येईन."

"नर्सचा हात नको मला. तुझा पाहिजे, तेल लागलेला असला तरी चालेल."

सुलो पुन्हा म्हणाला की येईन. हा माणूस शब्द देताना कंजूष होता, म्हणून आर्लीन निर्धास्त झाली.

पहिला फोन मे महिन्यात आला. श्वास बदललाय, या. सुलो हातातलं टाकून, घरातल्या चपलांवरच धावला. नऊ तास तिचा हात धरून बसला, आणि नवव्या तासाला ती डोळे उघडून म्हणाली की तिला व्हॅनिला आइस्क्रीम हवंय. दुसरा फोन जुलैत, तिसरा ऑगस्टच्या शेवटी. दोन्ही वेळा तेच. तो धावायचा, बसून राहायचा, आणि ती परत यायची. तिसऱ्या वेळी तर तिने त्याची थट्टाच केली, मी काही इतक्या सहजासहजी तुझ्या बंदुकांना घर मोकळं करून देणार नाही म्हणाली. सुलो हसला. त्याच्या मनात नकळत एक गोष्ट जाऊन बसली, की फोन येतो, आपण जातो, आणि ती परत येते.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी जुन्या निशाणबाज बंदुकांची मॅच होती. वर्षातून एकदाच होते. दोघादोघांची जोडी, एक झाडणारा, एक मोठ्या दुर्बिणीतून बघून वारा सांगणारा. सुलोने जायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळी तो आर्लीनकडे गेला तेव्हा तिनेच त्याला हाकललं. गाल जरा गुलाबी होते, अर्धी पास्टी, ती खाणकामगारांची मांस-बटाट्याची मोठी करंजी, खाल्ली होती, बोलत होती. "जा बाबा. इथे बसून सारखा घड्याळात बघशील आणि माझं डोकं खाशील. नॉर्म एकटा काय वारा मोजणार?" तो गेला. नॉर्मने वारा सांगितला, सुलोने झाडल्या, आणि वीस सेकंदच दिसणाऱ्या निशाणावर सहाशे यार्डांवरून एकाला एक लागून गोळ्या बसल्या. त्यांचा दुसरा नंबर आला. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला त्याचा आनंद व्हावा यात काही पाप नाही.

घरी आला तेव्हा दोन वाजून गेले होते. दुपार कुंद होती, सरोवराकडून धुकं चढत होतं. त्याने स्वतःच किटली ठेवली, बंदूक टेबलावर आडवी टाकली, बोल्ट काढला. पाणी उकळायला लागलं आणि फोन वाजला. दोन चोवीस.

शुश्रूषागृहातली मार्सी होती. ती म्हणाली, "मिस्टर रांताला, श्वास बदललाय. तुम्ही या."

"निघालोच," सुलो म्हणाला.

त्याने फोन ठेवला आणि किटलीकडे पाहिलं.

आता इथे मला थांबून सांगितलंच पाहिजे, की सुलोचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणालं तर मी त्याचं तोंड बंद करीन. होतं. पण त्याने हिशेब केला, आणि तो हिशेब आमच्या या नादातलाच माणूस करू शकतो. मे महिन्यात नऊ तास. जुलैत सात. ऑगस्टात रात्रभर. म्हणजे आत्ता गेलो तर परत यायला मध्यरात्र होईल, की सकाळ. आणि या हवेत, धुकं पडलेलं असताना, सकाळपर्यंत साठ गोळ्यांचा क्षार नळीत. ऐंशी वर्षं ती नळी तशीच्या तशी राहिली होती, दोन सैन्यांच्या हातून गेली होती आणि एक खड्डा पडला नव्हता. ती आपल्या टेबलावर, आपल्या हातून जाणार. त्याने मनाशी म्हटलं, नुसतं पाणी ओततो. पाच मिनिटं. क्षार तर जाईल.

त्याने पाणी ओतलं. पण पाणी ओतून ओली नळी तशी सोडणं म्हणजे क्षारापेक्षा वाईट, म्हणून चिंध्या. चिंधी काळी आली म्हणून ब्रश. ब्रश केला म्हणून पुन्हा चिंध्या. बोल्टचं तोंड तर सर्वात आधी गंजतं, म्हणून बोल्ट. हे काम अर्धवट करायला त्याच्या हातांना येतच नव्हतं, कधी केलंच नव्हतं. घाई होत होती तरी हात आपल्या चालीनेच चालले, आणि तो त्यांच्या मागून गेला. शेवटी त्याने नळी खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि आतून पाहिलं. नळीच्या आतल्या पिळदार खाचा आरशासारख्या लखलखत होत्या, टोकापर्यंत. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला बरं वाटलं. पुढे या एका गोष्टीबद्दल त्याने स्वतःला कधीच माफ केलं नाही. उशिराबद्दलही एवढं नाही, जेवढं त्या बरं वाटण्याबद्दल.

तीन वाजून चार मिनिटांनी त्याने ट्रक काढला. अठरा मिनिटांचा रस्ता. कालव्यावरचा पूल आमच्याकडे मधला भाग वर उचलून जहाजांना वाट देतो, आणि तो वर असला की गावातली निम्मी माणसं सगळीकडे उशिरा पोचतात. त्या दिवशी पूल खाली होता. सुलो एका झपाट्यात पलीकडे गेला.

आर्लीन तीन अकराला गेली होती. तो तीन बावीसला खोलीत शिरला तेव्हा मार्सीने तिचे डोळे मिटले होते आणि हात पांघरुणावर सरळ करून ठेवले होते. तिचा उजवा हात सुलोने हातात घेतला. अजून गरम होता. त्याच्या नखांत तेल होतं. तो तासभर तसाच बसला, आणि हिशेब तर त्याला येतच होता. फोन आला तेव्हाच निघाला असता तर दोन बेचाळीसला पोचला असता. एकोणतीस मिनिटं मिळाली असती.

त्यांची एकुलती एक मुलगी डेब्रा दक्षिणेला चार तासांवर राहते. तिला फोन केला तेव्हा तिने पहिलंच विचारलं की तू होतास ना तिथे. सुलो म्हणाला नव्हतो. मग तो म्हणाला, "पूल वर होता."

"देवा रे," डेब्रा म्हणाली, आणि रडायला लागली. "बाबा, तुझा काय दोष त्यात. पूल वर असेल तर कोण काय करणार."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं लोक लगेच खरं मानतात. नॉर्मने मानलं, पाद्रीने मानलं, शेजाऱ्यांनी तर त्या पुलाच्या नावाने बोटं मोडली. सुलो जो येईल त्याच्याकडून सांत्वन घेत गेला आणि दर वेळी आतून थोडा थोडा मरत गेला. रविवारी सकाळी त्याने बंदुकीला पुन्हा तेल लावलं, सोमवारी पुन्हा. ते लावावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. पण लावलं नाही तर शनिवारचं सगळं फुकट गेलं असतं, आणि ते फुकट गेलं असं मानायची त्याची हिंमत झाली नाही.

बुधवारी दफन झालं. नंतर चर्चच्या तळघरात नेहमीसारखी लांब टेबलं, हॅमची सँडविचं, बटाट्याचं सॅलड, वेलदोड्याचा गोड पाव आणि कॉफी. सुलो भिंतीकडेच्या खुर्चीवर होता. डेब्रा त्याच्या शेजारी, त्याचा हात आपल्या हातात घेऊन. दोन दिवस तिने तो सोडलाच नव्हता. लहानपणापासून बापलेकीचं फारसं जमलं नव्हतं, ती आईची. आता आईनंतर ती त्याच्याकडे सरकली होती, थोडे दिवस तू माझ्याकडे चल म्हणत होती, आणि सुलोला ते हवं होतं. त्या खोट्यावर उभं असलं तरी हवं होतं. जगात त्याच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

मार्सी ड्यूटी संपवून आली. तरुण मुलगी, मन चांगलं, गावाबाहेरची. तिला वाटलं आपण यांना काहीतरी चांगलं सांगावं, मनाला आधार होईल असं. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली की आर्लीन शेवटपर्यंत शुद्धीत होती, घाबरलेली नव्हती, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

"मी त्यांना सांगितलं की मिस्टर रांताला निघालेत. तर त्या मला विचारतात, आज शनिवार ना? मॅच होती ना? म्हटलं हो. तर म्हणाल्या, मग तो आधी नळी धुईल. चाळीस मिनिटं. मग अठरा मिनिटं यायला." मार्सी हसली, डोळे पुसले. "इतकं ओळखत होत्या हो तुम्हाला. मी म्हटलं, मी परत फोन करते, त्यांना सांगते की लगेच या. तर नको म्हणाल्या. मधेच सोडून आला तर इथे बसेल आणि जीव तिकडे राहील त्याचा. पूर्ण करून येऊ दे म्हणाल्या."

डेब्राचा हात सुलोच्या हातात होता तो स्थिर झाला.

"मग?" सुलोने विचारलं. त्याला विचारायचं नव्हतं.

"मग काही नाही. उशी जरा वर करायला लावली, घड्याळ दिसेल अशी. आणि बघत राहिल्या."

मार्सीला कुणीतरी कॉफीला बोलावलं, ती उठून गेली. टेबलाच्या त्या टोकाला नॉर्म कुणाला तरी मॅचमधला वारा कसा होता ते हळू आवाजात सांगत होता. डेब्राने बापाकडे पाहिलं नाही. समोरच्या सँडविचकडे बघत तिने विचारलं, "पूल खाली होता?"

"खाली होता," सुलो म्हणाला.

तिने आपला हात काढून घेतला. झटकला नाही, हळूच काढला, जसा झोपलेल्या माणसाच्या हातातून काढतात. मग उठली, आईचा फोटो टेबलावरून उचलला, कोट घातला आणि जिना चढून गेली. वर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. लोक रांगेने येत होते, सुलोचा हात दाबत होते, पुलाबद्दल वाईट वाटलं म्हणत होते, आणि सुलो प्रत्येकाला आभारी आहे म्हणत होता.